विंडोजवर पर्लचे मॉड्यूल बसेना, तेव्हा

एका छोट्या प्रकाशन संस्थेचे उदाहरण कल्पून पाहू. संस्थेची वीस वर्षांपूर्वीची पुस्तके युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टंकलेली आहेत. तो विशिष्ट फाँट संगणकावर असेल तरच तो मजकूर मराठी. एरवी रोमन अक्षरे आणि अनोळखी चिन्हे यांचा निव्वळ ढीग. त्या काळी कोणा जाणकाराने पर्ल या भाषेत दोन-अडीचशे ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो वर्डची फाइल उघडत असे, जुन्या फाँटमधील प्रत्येक चिन्हाच्या जागी युनिकोडचे अक्षर ठेवत असे आणि शुद्ध मजकूर एक्सएमएल फाइलमध्ये उतरवत असे. एके दिवशी जुना संगणक कायमचा बंद पडतो. नव्या संगणकावर प्रोग्रॅमची प्रत आणली जाते, आज्ञा दिली जाते आणि पडद्यावर संदेश उमटतो : अमुक मॉड्यूल सापडत नाही. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ आता संपर्कात नाहीत. नव्या आवृत्तीसाठी निवडलेली पुस्तके मात्र जुन्या फाँटमध्येच अडकून पडली आहेत.

अशा वेळी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. दिसेल ते मॉड्यूल पुन्हा पुन्हा बसवून पाहायचे, नाहीच बसले तर सक्तीने बसवायचे, आणि तेही न जमल्यास 'पर्ल विंडोजवर चालतच नाही' असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. वस्तुतः पर्लचा त्रुटिसंदेश हा निकाल नसतो. तो दोषाचा पत्ता असतो. तो नीट वाचला तर विंडोजवरील बहुतेक अडचणी चार प्रश्नांत सामावतात. कोणता पर्ल चालतो आहे? तो मॉड्यूल कोठे शोधतो आहे? मॉड्यूल या संगणकावर घडवता येते काय? आणि घडलेल्या मॉड्यूलला लागणारी इतर अंगे त्याला सापडतात काय? हे प्रश्न याच क्रमाने विचारले, तर अंधारात चाचपडण्याची वेळ सहसा येत नाही.

पर्ल, मॉड्यूल आणि विंडोज

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने मॉड्यूलची सोय दिली. मॉड्यूल म्हणजे एका विशिष्ट कामासाठी आधीच लिहून ठेवलेला, कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा भाग. १९९५ पासून जगभरातील लेखकांची अशी मॉड्यूले 'सीपॅन' या सार्वजनिक भांडारात जमा होत आली असून आज त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे.

ही मॉड्यूले दोन जातींची असतात. काही केवळ पर्लमध्येच लिहिलेली असतात. ती कोणत्याही संगणकावर जवळजवळ तशीच चालतात. दुसऱ्या जातीच्या मॉड्यूलांचा काही भाग सी भाषेत असतो. डेटाबेस, एक्सएमएल, सुरक्षित इंटरनेट जोडणी अशा कामांची मॉड्यूले बहुधा याच जातीची. त्यांना बसवताना सी भाषेचा तो भाग त्या संगणकावर कंपाइल करावा लागतो.

मेख आहे ती येथेच. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात सी भाषेचा कंपायलर हाताशी असणे ही परंपरेने गृहीत धरलेली गोष्ट. विंडोजसोबत असा कंपायलर येत नाही. त्यामुळे २००० च्या दशकात विंडोजवर पर्ल वापरणारे बहुसंख्य लोक 'ॲक्टिव्हपर्ल' घेत आणि 'पीपीएम' या साधनाने आधीच कंपाइल केलेली मॉड्यूले उतरवून घेत. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ॲडम केनेडी यांनी सुरू केलेल्या 'स्ट्रॉबेरी पर्ल'ने दुसरा मार्ग काढला : पर्लसोबत कंपायलरच देऊन टाकला. पुढे ॲक्टिव्हपर्लने पीपीएम बंद केले. म्हणूनच एखाद्या जुन्या पुस्तकात किंवा जुन्या टिपणात 'पीपीएमने मॉड्यूल बसवा' असे वाचून कोणी ती आज्ञा आज दिली आणि ती ओळखलीच गेली नाही, तर चूक वाचकाची नव्हे. सल्ला कालबाह्य झाला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्ट्रॉबेरी पर्ल घ्यावा, हे श्रेयस्कर.

(पुढे दिलेल्या आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टंकावयाच्या आहेत.)

पहिला प्रश्न : कोणता पर्ल?

एकाच संगणकावर अनेक पर्ल नांदत असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारे 'गिट' विंडोजवर येताना स्वतःच्या कामापुरता पर्ल घेऊन येते. सिगविन, झॅम्प यांसारख्या संचांतूनही पर्ल येतो. मॉड्यूल एका पर्लमध्ये बसवले आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच पर्लने चालवला, तर 'सापडत नाही' हेच उत्तर मिळणार.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पर्ल' ही आज्ञा द्यावी. पाथमध्ये सापडणाऱ्या सर्व पर्लची ठिकाणे क्रमाने दिसतात. त्यांतील पहिला पर्ल चालतो. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ वेगळा असल्याने तेथे 'व्हेअर.ईएक्सई' असे पूर्ण लिहावे लागते. यानंतर 'पर्ल -व्ही' ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात आवृत्तीबरोबरच हा पर्ल कोणत्या प्रणालीसाठी घडवला आहे तेही असते. तेथे 'एमएसविन३२' हे शब्द दिसले तर तो विंडोजचा अस्सल पर्ल. 'एमसिस' दिसले तर तो गिटसोबत किंवा तशाच एखाद्या संचातून आलेला. चौसष्ट बिटांच्या पर्लच्या नावातही हे 'विन३२' असतेच, त्यामुळे त्याने गोंधळून जाऊ नये.

गिट बॅशच्या काळ्या खिडकीत काम करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. त्या खिडकीत गिटचा स्वतःचा पर्ल सर्वांत आधी सापडतो, मग स्ट्रॉबेरी कितीही व्यवस्थित बसवलेला असो. फाइलवर दोनदा क्लिक करून प्रोग्रॅम चालवण्याची सवय असेल, तर विंडोजने त्या प्रकारच्या फाइलींशी जोडून ठेवलेला पर्ल चालतो. तो पाथमधील पर्लहून निराळा असू शकतो. आणखी एक साधी गोष्ट : पाथ बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते. बदल केल्यावर नवी खिडकी उघडावी.

दुसरा प्रश्न : कोठे शोधतो आहे?

'कान्ट लोकेट' या शब्दांनी सुरू होणारा संदेश सर्वांत परिचित. त्याच्या शेवटी कंसात फोल्डरांची एक यादी असते आणि बहुतेक जण तीच वाचायची सोडून देतात. पर्ल ज्या ठिकाणी मॉड्यूल शोधतो त्या ठिकाणांची ही यादी. पर्लच्या भाषेत तिचे नाव '@आयएनसी'. स्ट्रॉबेरीमध्ये साधारणतः तीन ठिकाणे असतात. 'लिब' फोल्डरात पर्लची मूळ मॉड्यूले, 'व्हेंडर' फोल्डरात स्ट्रॉबेरीने सोबत दिलेली आणि 'साइट' फोल्डरात आपण स्वतः बसवलेली. यादीत भलत्याच पर्लची ठिकाणे दिसली, तर पहिल्याच प्रश्नाकडे परत जावे.

या यादीसंबंधीचा एक बदल जुन्या प्रोग्रॅमना हमखास नडतो. पूर्वी या यादीच्या शेवटी एक टिंब असे. त्याचा अर्थ 'आपण आत्ता ज्या फोल्डरात आहोत ते'. सुरक्षेच्या कारणास्तव २०१७ मध्ये आलेल्या ५.२६ या आवृत्तीपासून ते काढून टाकण्यात आले. आपल्या प्रकाशन संस्थेच्या उदाहरणात जुन्या-नव्या अक्षरांचा तक्ता समजा 'फाँटमॅप.पीएम' अशा नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, मुख्य प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवलेला आहे. जुना पर्ल तो आपसूक शोधून काढी. नवा पर्ल शेजारी पाहतच नाही आणि मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार करतो. बिचारा वापरणारा ते मॉड्यूल सीपॅनवर शोधत बसतो. तेथे ते कधी नव्हतेच! अशा वेळी काहीच बसवायचे नसते. प्रोग्रॅमच्या आरंभी 'फाइंडबिन' आणि 'यूज लिब' यांच्या साह्याने 'माझ्या शेजारच्या फोल्डरातही पाहा' असे सांगणाऱ्या दोन ओळी घातल्या की काम भागते. ही दोन्ही साधने पर्लसोबतच येतात.

जुन्या संगणकाची चकती वाचता येत असेल, तर तिच्यावरील मॉड्यूलांचे फोल्डर जसेच्या तसे नव्यावर आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. केवळ पर्लमध्ये लिहिलेली मॉड्यूले त्याने कदाचित चालतीलही. पण सी भाषेतून घडलेला भाग ज्या पर्लसाठी घडला त्याच्याशीच त्याचे जमते. ५.८ साठी कंपाइल झालेले मॉड्यूल ५.३२ मध्ये चालत नाही. बत्तीस बिटांचे चौसष्टमध्ये चालत नाही. 'मिसमॅच्ड' आणि 'हँडशेक की' हे शब्द असलेला संदेश आला, तर पर्ल आणि मॉड्यूल यांची जोडी जुळत नाही, असे समजावे. त्याला उपाय एकच. ते मॉड्यूल चालू पर्लमध्ये नव्याने बसवावे.

तिसरा प्रश्न : घडवता येते काय?

मॉड्यूल बसवण्यासाठी 'सीपॅन' ही पर्लसोबत येणारी आज्ञा आहे. तात्सुहिको मियागावा यांनी लिहिलेली 'सीपॅनएम' ही आज्ञा अधिक सुटसुटीत आणि ती स्ट्रॉबेरीसोबत मिळते. काही बिघडले तर सीपॅनएम केवळ एक-दोन ओळींत अपयश कळवते आणि सविस्तर हकिगत 'बिल्ड.लॉग' या फाइलमध्ये असल्याचे सांगून तिचा पत्ता देते. ती फाइल उघडावी आणि वरून खाली वाचावी. शेवटच्या ओळी लक्ष वेधून घेतात, पण तो बहुधा पडझडीचा आवाज असतो. पडझडीचे कारण पहिल्या त्रुटीत दडलेले असते. अ हे मॉड्यूल ब वर आणि ब हे क वर अवलंबून असेल, तर पडद्यावर नाव अ चे येते आणि दोष क चा असतो. अशा वेळी क हे एकटेच बसवून पाहावे.

'जीसीसी' किंवा 'जीमेक' ही आज्ञा ओळखता आली नाही, असा मजकूर त्या फाइलमध्ये असेल तर कंपायलर पाथमध्ये नाही. स्ट्रॉबेरीची तीन फोल्डरे पाथमध्ये असावी लागतात : पर्लचे 'बिन', 'साइट'खालचे 'बिन' आणि 'सी'खालचे 'बिन'. कंपायलर असतो तो यांतील शेवटच्या फोल्डरात. संगणकावर दुसऱ्या कोणत्या संचातून आलेला जीसीसी असेल आणि तो पाथमध्ये आधी येत असेल, तर कंपायलर सापडतो पण घडण चुकते. 'व्हेअर जीसीसी' या आज्ञेने तो चटकन पकडता येतो. एखाद्या '.एच' फाइलचा अभाव सांगणारी त्रुटी मात्र वेगळी. तेथे कंपायलर ठीक आहे. ज्या सी लायब्ररीवर मॉड्यूल उभे आहे तीच नाही. स्ट्रॉबेरी अशा अनेक लायब्रऱ्या सोबत देते. ओरॅकलसारख्या डेटाबेसचा ग्राहक-संच मात्र आपल्याला वेगळा, आणि पर्ल जितक्या बिटांचा तितक्याच बिटांचा, बसवावा लागतो.

याच टप्प्यावर फोल्डरांच्या नावांचा प्रश्न येतो, आणि तो मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. पर्लच्या घडणीची साधने मुळात युनिक्सवरची. फोल्डराच्या नावातील मोकळी जागा त्यांना मानवत नाही. म्हणून पर्ल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये न बसवता थेट सी ड्राइव्हवर, आखूड नावाच्या फोल्डरात बसवावा. आता समजा, कोणी हौसेने विंडोजमधील खात्याचे नाव देवनागरीत ठेवले. त्या खात्याच्या फोल्डराचे नावही देवनागरीत होऊ शकते. विंडोजवरील पर्ल फाइलींच्या नावांसाठी बव्हंशी विंडोजच्या जुन्या, युनिकोडपूर्व मार्गाने जातो आणि त्या मार्गावर देवनागरीला स्वतंत्र सांकेतिक तक्ताच नाही. परिणामी नावातील अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि सीपॅनएम आपली कामाची जागा त्याच फोल्डरात थाटत असल्याने मॉड्यूलची घडण अधेमध्ये मोडते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणू पाहणारा प्रोग्रॅम मराठी नावापायीच अडावा, हा दैवदुर्विलासच! नुसते दाखवायचे नाव बदलल्याने फोल्डराचे नाव बदलत नाही. तेव्हा 'पर्ल_सीपॅनएम_होम' या नावाचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल करून त्यात सी ड्राइव्हवरील एखाद्या साध्या रोमन नावाच्या फोल्डराचा पत्ता द्यावा. 'टेम्प' आणि 'टीएमपी' यांनाही तशीच जागा द्यावी. कामाची जागा आखूड पत्त्यावर आणल्याचा आणखी एक लाभ म्हणजे २६० अक्षरांहून लांब पत्त्यांविषयीची विंडोजची जुनी मर्यादाही आड येत नाही.

चौथा प्रश्न : इतर अंगे सापडतात काय?

मॉड्यूल बसले, कोठे तक्रार नाही. पण प्रोग्रॅम चालवताच 'कान्ट लोड' असा संदेश येतो, एका '.एक्सएस.डीएलएल' फाइलचे नाव येते आणि 'हे मॉड्यूल सापडले नाही' असे विंडोज सांगते. वापरणारा फोल्डर उघडून पाहतो, तर ती फाइल जागेवर आहे! हा संदेश फसवा आहे. फाइल आहे, ती फाइल ज्या दुसऱ्या डीएलएलवर अवलंबून आहे, ती सापडलेली नाही. विंडोज मात्र तिचे नाव सांगत नाही. एक्सएमएलचे मॉड्यूल 'लिबएक्सएमएल' या लायब्ररीवर आणि सुरक्षित जोडणीचे मॉड्यूल 'ओपनएसएसएल'वर अवलंबून असते. स्ट्रॉबेरीत या लायब्रऱ्या त्याच 'सी'खालच्या 'बिन' फोल्डरात असतात. ते पाथमध्ये नसेल तर हा दोष उद्भवतो.

'मी हाताने चालवतो तेव्हा चालते, रात्री टास्क शेड्युलरने चालवले की चालत नाही', या तक्रारीच्या मुळाशीही अनेकदा हेच असते. ते काम दुसऱ्या खात्याखाली चालत असते आणि त्या खात्याचा पाथ निराळा असतो. उलट बाजूने, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने त्याच नावाची जुनी डीएलएल पाथमध्ये आधी आणून ठेवली असेल, तर 'प्रोसीजर एंट्री पॉइंट' सापडत नसल्याचा संदेश येतो. तेव्हा फाइल सापडलेली असते, पण चुकीची. आणि डीएलएल बदलताना 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले, तर ते मॉड्यूल वापरणारा एखादा प्रोग्रॅम अजून चालू आहे काय, हे आधी पाहावे. वापरात असलेल्या डीएलएलवर विंडोज दुसरी फाइल लिहू देत नाही. कधी कधी नुकतीच तयार झालेली फाइल तपासण्यासाठी अँटिव्हायरसने धरून ठेवलेली असते. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केल्यास काम होते.

सक्ती हा उपाय नव्हे

मॉड्यूल बसवण्यापूर्वी त्याच्यासोबतच्या चाचण्या चालवल्या जातात आणि त्यांत ते नापास झाले तर बसवले जात नाही. येथे 'फोर्स' किंवा 'नोटेस्ट' हे पर्याय वापरून पुढे जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सरसकट चूक नाही. काही चाचण्या युनिक्सची तिरकी रेघ, ओळीच्या शेवटाची खूण किंवा प्रक्रियेचे विभाजन या गोष्टी गृहीत धरून लिहिलेल्या असतात आणि विंडोजवर त्या मॉड्यूलमध्ये दोष नसतानाही फसतात. सीपॅन टेस्टर्स या उपक्रमाचे अहवाल सर्वांना खुले आहेत. तेथे त्याच मॉड्यूलच्या त्याच आवृत्तीचे विंडोजवरील निकाल पाहावेत. विंडोजवर ते सर्वांचेच नापास होत असेल, तर दोष मॉड्यूलचा. इतरांचे पास आणि आपलेच नापास, तर दोष आपल्या संगणकावरील मांडणीचा. 'ओएस अनसपोर्टेड' असा संदेश असेल, तर ते मॉड्यूल विंडोजसाठी नाहीच, असे लेखक स्वतः सांगतो आहे; तेथे सक्ती व्यर्थ आहे.

नापास झालेली चाचणी कशाची होती हे न वाचता केलेली सक्ती मात्र महागात पडते. अक्षरांच्या रूपांतराची चाचणी फसलेली असताना ते मॉड्यूल रेटून बसवले, तर प्रोग्रॅम चालतो, मजकूर तयार होतो, आणि एखादा रफार किंवा जोडाक्षर तीनशे पानांत सर्वत्र चुकीच्या जागी गेल्याचे पुस्तक छापून आल्यावर लक्षात येते. अडलेला प्रोग्रॅम निदान अडल्याचे सांगतो. चुकीचा चाललेला सांगत नाही.

आता पुन्हा त्या प्रकाशन संस्थेकडे वळू. हे चार प्रश्न क्रमाने विचारले असता काय आढळेल? पाथमध्ये गिटचा पर्ल आधी होता; तो क्रम बदलला. वर्डशी बोलणारे 'विन३२::ओएलई' आणि एक्सएमएल लिहिणारे 'एक्सएमएल::लिबएक्सएमएल' ही दोन्ही मॉड्यूले स्ट्रॉबेरीसोबत आधीच आलेली आहेत. तिसरे, न सापडणारे मॉड्यूल म्हणजे शेजारच्या फाइलमधील अक्षरांचा तक्ता. त्याला दोन ओळी पुरल्या. म्हणजे ज्या कामासाठी अनेक संध्याकाळी मॉड्यूले उतरवण्यात खर्ची पडल्या असत्या, त्यासाठी सीपॅनवरून एकही मॉड्यूल आणावे लागले नाही.

एक काम तरीही उरते आणि ते आजच करण्याजोगे आहे. प्रोग्रॅमला लागणाऱ्या मॉड्यूलांची नावे 'सीपॅनफाइल' या नावाच्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ती प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवावी. पुढच्या संगणकावर 'सीपॅनएम' या आज्ञेला 'इन्स्टॉलडेप्स' हा पर्याय दिला की ती यादी वाचून सर्व मॉड्यूले क्रमाने बसवली जातात. कोणता पर्ल, कोणती आवृत्ती, पाथमध्ये काय, हेही चार ओळींत लिहून ठेवावे. पहिल्या लेखकाने अशी यादी ठेवली असती, तर संगणकासोबत त्याचे ज्ञान बंद पडले नसते. पुढचा संगणकही कधीतरी बंद पडणारच आहे. तेव्हा ती फाइल हाताशी असावी.